न भरणारी जखम आणि तिची नोंद

कुळागरात अनवाणी वावरताना पायात काटा रुतणे, नव्या वहाणेने कातडी सोलवटणे, चुलीवरील भांड्याचा चटका बसणे हे प्रकार ग्रामीण जीवनात नित्याचेच आहेत. अशा बहुतेक जखमा आठ-पंधरा दिवसांत आपणहून भरून येतात व त्यांची कोणी नोंद ठेवावी अशी आवश्यकताही भासत नाही. परंतु काही जखमा भरत नाहीत. त्यांच्यावर खपली धरते आणि निघते, कडा जाड होतात, तळाशी पिवळा थर साचतो व महिन्यामागून महिने पट्ट्या बदलण्यात जातात. त्वचेचा थर नष्ट होऊन दीर्घकाळ उघड्या राहिलेल्या अशा जखमेस वैद्यकशास्त्रात व्रण म्हणतात. या व्रणावर कोणते औषध लावावे याची चर्चा सर्वत्र होते. त्याच्याविषयी कागदावर काय लिहावे याची चर्चा मात्र क्वचितच होते, आणि पुष्कळदा पाय वाचणे अथवा न वाचणे हे या लिहिण्यावरच अवलंबून असते.

उदाहरणादाखल साठीच्या घरातील एक बागायतदार कल्पावा. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली आहे. तो सहा आठवडे जवळच्या आरोग्य केंद्रात पट्टी करून घेतो. प्रत्येक खेपेस वेगळी परिचारिका असते आणि प्रत्येक खेपेस केसपेपरावर एकच ओळ पडते: 'पायाला जखम, पट्टी केली.' सातव्या आठवड्यात पाय सुजतो, ताप येतो आणि त्यास बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविण्यात येते. तेथील शल्यचिकित्सकाचा पहिला प्रश्न असतो, 'जखम वाढत होती की लहान होत होती?' रुग्णास ते सांगता येत नाही, कारण जखम तळपायाला असल्याने त्याने ती धड पाहिलेलीच नसते. कागदावर कोणता पाय हेसुद्धा लिहिलेले नाही, मग आकार कोठून असणार? सहा आठवड्यांत बारा वेळा पट्टी झाली. त्या बारांपैकी एका वेळी जरी 'लांबी २ सेंटीमीटर' आणि पुढील वेळी '३ सेंटीमीटर' असे लिहिले गेले असते, तरी हा रुग्ण महिनाभर आधी मोठ्या रुग्णालयात पोहोचला असता.

हा प्रश्न गोमंतकात विशेष महत्त्वाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या राष्ट्रव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे पाहणी झालेल्या सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. ढोबळ मानाने दर चार प्रौढांमागे एकास हा विकार आहे. जेथे मधुमेह आहे तेथे पायाच्या व्रणाची शक्यता ही असतेच.

कारणाचा शोध

व्रणाच्या नोंदीत पहिला मान कारणाला द्यावा लागतो. दिसण्यात सारख्या असलेल्या दोन जखमा कारणाने सर्वस्वी भिन्न असू शकतात व एकीला उपकारक ठरणारा उपचार दुसरीला घातक ठरतो. घोट्याच्या आतल्या बाजूस, काळवंडलेल्या कातडीवर झालेला व्रण हा बहुधा फुगलेल्या अशुद्ध रक्तवाहिन्यांमुळे झालेला असतो. तेथे पाय घट्ट पट्टीने बांधणे हाच मुख्य उपाय होय. उलटपक्षी, शुद्ध रक्ताचा पुरवठा कमी पडल्यामुळे बोटांच्या टोकांशी व्रण झाला असेल, तर तीच घट्ट पट्टी उरलासुरला रक्तपुरवठाही तोडील. यास्तव पट्टी बांधण्यापूर्वी पावलाच्या वरच्या भागावरील नाडी हाताला लागते किंवा नाही हे पाहून तसे लिहिणे अगत्याचे आहे. 'डाव्या पावलाची नाडी लागत नाही' हे पाच शब्द लिहिण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

तळपायाच्या व्रणाची कथा निराळी आहे. तेथे दोष बहुधा संवेदना हरपल्याचा असतो. कुष्ठरोग्यांच्या हातापायांचे मांस रोगामुळे सडून गळते असा समज पूर्वी जनमानसातच नव्हे, तर वैद्यकवर्गातही रूढ होता. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी तेथील रुग्णांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून असे दाखवून दिले की, मांस आपणहून सडत नाही. वेदना कळत नसल्यामुळे रुग्ण त्याच जागी पुनःपुन्हा भार देत राहतो आणि जखम भरण्यास अवसर मिळत नाही. पायास विश्रांती मिळाली की याच जखमा इतरांच्या जखमांसारख्या भरून येतात. पुढे १९६० नंतरच्या दशकात ब्रँड अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगी पडले. भारतातील कुष्ठरोग्यांच्या पायांनी जगातील मधुमेहींना धडा दिला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

संवेदना आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी १० ग्रॅम दाबाने वाकणारा नायलॉनचा बारीक तंतू वापरतात. रुग्णाचे डोळे मिटवून तळपायाच्या ठराविक जागी तो टेकवावयाचा व स्पर्श कळला का ते विचारावयाचे. ही तपासणी न करता 'तळपायाला जखम' एवढेच लिहिणे म्हणजे अर्धे निदान गाळून टाकणे होय.

आणखी एक कारण दृष्टिआड होऊ देता कामा नये. वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या व्रणाच्या किंवा भाजल्याच्या जुन्या वणाच्या जागी क्वचित कर्करोग उद्भवतो. कड वर उचलल्यासारखी, फुलकोबीसारखी झाली, सहज रक्त येऊ लागले, तर तुकडा काढून तपासणे आवश्यक असते. कडेचे वर्णन दर खेपेस लिहिलेले असेल तरच असा बदल लक्षात येतो.

मोजावे कसे

व्रण मोजण्याची रीत अवघड नाही. डोक्याकडून पायाकडे जाणाऱ्या रेषेत जे सर्वांत मोठे अंतर भरते ती लांबी, व तिला काटकोनात जे सर्वांत मोठे अंतर ती रुंदी. खोली मोजण्यासाठी निर्जंतुक सळई हळुवारपणे तळापर्यंत नेऊन पृष्ठभागाच्या पातळीला खूण करतात. सर्व मोजमाप सेंटीमीटरमध्ये लिहावे. 'रुपयाएवढी', 'लिंबाएवढी', 'बोराएवढी' ही मापे घरगुती बोलण्यात ठीक आहेत, परंतु रुपयाचे नाणेच आजवर किती वेळा लहानमोठे झाले आहे! कातडीखाली पोकळी शिरली असेल तर तिची दिशा घड्याळाच्या तबकडीप्रमाणे सांगण्याचा प्रघात आहे: डोक्याच्या बाजूस बारा, म्हणून '३ वाजण्याच्या दिशेने २ सेंटीमीटर पोकळी' असे लिहिले की, दुसऱ्या गावच्या परिचारिकेलाही जखम डोळ्यांपुढे उभी राहते.

त्यानंतर तळाचा रंग येतो. लाल व दाणेदार तळ हे भरण्याचे लक्षण, पिवळा थर हे मृत पेशींचे आणि काळी कठीण खपली हे पूर्ण मेलेल्या ऊतीचे. यांपैकी कोणता भाग किती टक्के आहे हे अंदाजाने लिहिले तरी चालते. त्याखेरीज स्राव किती, वास येतो काय, भोवतालची त्वचा लाल, गरम वा मऊ पडली आहे काय, आणि वेदना होते काय, हे नोंदवावे. सळई तळाशी टेकविताना कठीण हाड लागले, तर ते स्वतंत्र ओळीत आणि ठळकपणे लिहिले पाहिजे, कारण मधुमेही पायात हाडापर्यंत जंतुसंसर्ग पोहोचल्याची ती महत्त्वाची खूण समजली जाते.

मोजणी दररोज करण्याचे प्रयोजन नाही. आठवड्यातून एकदा, शक्य तो त्याच स्थितीत रुग्णास निजवून केलेली मोजणी पुरेशी होते.

संकेतांक म्हणजे काय

येथवर जे लिहिले ते रुग्णाच्या उपयोगाचे. परंतु राज्यात पायाच्या व्रणाचे रुग्ण किती, त्यांतील मधुमेही किती, कोणत्या तालुक्यात पादत्राणे पुरविण्याची निकड अधिक, हे जाणण्यासाठी हजारो केसपेपर वाचत बसणे कोणास शक्य नाही. यासाठी प्रत्येक रोगास एक ठराविक संकेतांक देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धती आहे. तिचा उगम फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ साली मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. १९४८ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून ही यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तीत मृत्यूबरोबर आजारांचाही समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. अकरावी २०१९ साली स्वीकारली जाऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. बदल एका दिवसात होत नसल्यामुळे अनेक ठिकाणी अद्यापि दहाव्या आवृत्तीचे अंकच वापरात दिसतात.

दहाव्या आवृत्तीत शय्याव्रणास 'एल ८९', पायाच्या इतरत्र न मोडणाऱ्या व्रणास 'एल ९७' आणि अन्य जुनाट त्वचाव्रणास 'एल ९८.४' असे अंक आहेत. येथे 'इतरत्र न मोडणाऱ्या' हे शब्द मोलाचे आहेत. फुगलेल्या नीलांमुळे झालेला पायाचा व्रण 'एल ९७' मध्ये जात नाही, तो रक्ताभिसरणाच्या रोगांत 'आय ८३.०' येथे जातो आणि सोबत दाह असल्यास 'आय ८३.२' येथे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातील व्रण 'ई ११.५' येथे नोंदविला जातो. कुष्ठरोग बरा होऊन मागे राहिलेल्या विकृतीचे मूळ दर्शविण्यासाठी 'बी ९२' हा अंक आहे. थोडक्यात, पाय तोच, जखम तशीच, परंतु कारणानुसार तिचे घर बदलते. डॉक्टरांनी कारणच लिहिले नाही तर संकेतांक देणाऱ्या लिपिकास 'एल ९७' वाचून गत्यंतर नसते. त्याने केसपेपरावरील साखरेचा आकडा पाहून स्वतःच मधुमेही व्रण ठरविणे हे नियमास धरून नाही, कारण निदान करणे हा वैद्याचा अधिकार आहे. शंका असल्यास त्याने कागद डॉक्टरांकडे परत पाठवावा. घाईच्या कचेरीत असे कागद परत जात नाहीत आणि मधुमेहाने झालेले शेकडो व्रण वर्षअखेरच्या तक्त्यात बेवारस होऊन बसतात. मग मधुमेही पायांसाठी तरतूद मागावयाची कोणत्या आधारावर?

अकराव्या आवृत्तीत या बाबतीत सुधारणा झाली आहे. मधुमेही पायाच्या व्रणास 'बीडी ५४' असा स्वतंत्र अंक मिळाला आहे व मूळ अंकास डावे-उजवे अंग, नेमकी जागा दर्शविणारे जोडअंक लावता येतात. १० जानेवारी २०२४ रोजी आयुर्वेद, सिद्ध व युनानी या पद्धतींतील निदानांसाठीचा भागही नवी दिल्ली येथे या आवृत्तीच्या संदर्भात प्रसृत करण्यात आला. व्रणाचे शारीर आणि आगंतु असे कारणावरून दोन भेद करून त्याच्या उपचारांचे साठ उपक्रम सांगणाऱ्या सुश्रुताची परंपरा ज्या देशाची, तेथील वैद्यांना हे कारणाधिष्ठित वर्गीकरण परके वाटू नये.

या संकेतांकांवर आज अनेकांचा चरितार्थही चालतो. हैदराबाद, पुणे, नवी मुंबई अशा शहरांतील कार्यालयांत बसून पदवीधर तरुण-तरुणी अमेरिकेतील रुग्णांचे कागद वाचतात व त्यांस संकेतांक देतात. त्या देशाने १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचे स्वतःचे विस्तारित रूप स्वीकारले असून त्यात पायाच्या व्रणासाठी जागा, बाजू आणि खोली यांनुसार निरनिराळे अंक आहेत: जखम कातडीपुरती आहे, चरबी दिसते आहे, स्नायू मेला आहे की हाड मेले आहे, हे सर्व अंकात उतरते. परदेशातील रुग्णाच्या घोट्याची नोंद अपुरी असल्याचे हैदराबादच्या मुलीला ध्यानात येते, आणि आपल्या गावच्या केसपेपरावर पाय कोणता हेही नसते, हा विरोधाभास खचित विचार करण्यासारखा आहे.

शय्याव्रण

अर्धांगाने वा मोडलेल्या खुब्याने अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यांवर दाब राहून जे व्रण होतात ते शय्याव्रण. त्यांच्या चार अवस्था मानतात. पहिलीत कातडी शाबूत असते, परंतु दाबूनही न जाणारी लाली येते. सावळ्या त्वचेवर ही लाली दिसत नाही, तेथे ऊब, कठीणपणा अथवा दुखरेपणा हाताने पाहावा लागतो. दुसरीत वरची कातडी जाते किंवा फोड येतो. तिसरीत चरबीपर्यंत खड्डा पडतो आणि चौथीत स्नायू, कंडरा वा हाड उघडे पडते. दहाव्या आवृत्तीत यांना अनुक्रमे 'एल ८९.०' ते 'एल ८९.३' असे अंक आहेत. तळ काळ्या खपलीने झाकलेला असेल तर अवस्था ठरविता येत नाही. अशा वेळी अंदाजाने आकडा न घालता तसे स्पष्ट लिहावे. अकराव्या आवृत्तीत अशा व्रणासाठी निराळा अंकच ठेवला आहे.

येथे एक चूक वारंवार होते. चौथ्या अवस्थेचा व्रण भरू लागला की, 'आता तिसरी अवस्था', 'आता दुसरी' असे उलट क्रमाने लिहिले जाते. हे बरोबर नाही. गेलेला स्नायू व चरबी जशीच्या तशी परत येत नाही, खड्डा केवळ वणाच्या ऊतीने भरून येतो. म्हणून 'भरत असलेला चौथ्या अवस्थेचा व्रण' असेच लिहिले पाहिजे. ती जागा पुढेही दुबळी राहते आणि रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यास ते ठाऊक असावे लागते.

शय्याव्रणाच्या नोंदीत दिनांकाला विशेष मोल असते. रुग्ण रुग्णालयात आला तेव्हाच व्रण होता, की तेथे निजून झाला? दाखल करतानाच पाठ, खुबे व टाचा पाहून लिहिले नसेल तर पंधरा दिवसांनी रुग्णालय घरच्यांना आणि घरचे रुग्णालयाला दोष देतात. सून म्हणते, 'घरून आणले तेव्हा कातडी स्वच्छ होती'; सिस्टर म्हणते, 'आल्या दिवसापासूनच काळी होती.' दोघीही प्रामाणिक असतात आणि निकाल देणारा कागद नसतो. रुग्णास घरी पाठवितानाही हेच. निरोपाच्या कागदावर व्रणाची जागा, माप आणि अवस्था लिहिलेली असावी. २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसारख्या विमा योजनांत दाव्याची छाननी कागदांवरूनच होते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

कुष्ठरोगाच्या कार्यक्रमात तर एका व्रणाने रुग्णाची श्रेणीच बदलते. हातापायाची संवेदना गेली परंतु दृश्य विकृती नाही, अशी स्थिती असल्यास विकलांगतेची पहिली श्रेणी देतात. त्याच पायास रोगामुळे व्रण झाला की दुसरी. नव्याने सापडलेल्या रुग्णांत दुसऱ्या श्रेणीचे किती, यावरून रोग उशिरा ओळखला जात आहे काय हे प्रशासनास कळते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश असल्याने या नोंदीचा संबंध त्या व्यक्तीच्या हक्कांशीही पोहोचतो. ज्या शिक्षकाच्या नजरेस एखाद्या मुलाच्या अंगावरील बधिर चट्टा अथवा न दुखणारी पायाची जखम येईल, त्याने वर्गात वाच्यता न करता पालकांस सांगून आरोग्य केंद्रात पाठवावे. मुलाचे नाव इतरांच्या तोंडी जाऊ न देणे हाही नोंदीच्या शिस्तीचाच भाग आहे.

मृत्यूच्या दाखल्यावर

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र देण्यात येते. रुग्णालयात झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि अन्यत्र झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ वापरतात. या नमुन्यात कारणांची साखळी खालून वर लिहावयाची असते. समजा, अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणास खिळलेल्या वृद्धेस शय्याव्रण झाला, त्यात जंतुसंसर्ग झाला, तो रक्तात भिनला आणि ती दगावली. तर सर्वांत वर रक्तातील जंतुसंसर्ग, त्याखाली चौथ्या अवस्थेचा दूषित शय्याव्रण व सर्वांत खाली अर्धांगाचा झटका असे लिहिले पाहिजे. तिला मधुमेह असल्यास तो दुसऱ्या भागात यावा. संख्याशास्त्रासाठी मूळ कारण म्हणून अर्धांगाचा झटका धरला जाईल, परंतु मधला दुवाही वाचता येईल. प्रत्यक्षात पुष्कळ दाखल्यांवर 'हृदय बंद पडले' इतकेच आढळते. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. त्यातून ना झटक्याची गणना होते, ना शय्याव्रणाची.

घरच्या माणसांच्या हातीही थोडे आहे. पट्टीसाठी जाताना जुने सर्व कागद एकाच पिशवीत न्यावेत आणि पट्टी झाल्यावर 'आज माप किती भरले?' असे सिस्टरला विचारावे. तळपाय स्वतःला दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावा, नपेक्षा नातवंडास दाखवावा. आरोग्यसेविकेकडे मोजपट्टी नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या दुहेरी स्वच्छ तुकड्यावर पेनाने जखमेची कड गिरवून घेण्याची सोपी युक्ती आहे. जखमेला लागलेला खालचा तुकडा टाकून द्यावयाचा आणि वरच्यावर दिनांक, पाय उजवा की डावा व वर बोटांची बाजू कोणती हे लिहून तो केसपेपरास टाचून ठेवावयाचा. पुढील आठवड्याचा तुकडा त्यावर ठेवला की जखम वाढली की आटली हे अक्षरओळख नसलेल्या रुग्णालाही दिसते.